सतराव्या तुकड्यावर थांबणारी गाडी

शीळफाट्याला राहणाऱ्या माणसाला वाहतूक थांबल्याचं नवल वाटत नाही. कल्याणचा रस्ता, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि महाप्याचा रस्ता इथं एकमेकांच्या अंगावर येतात, आणि मधोमध कंटेनरचे ट्रेलर. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोचं काम. वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघालेला बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा, ज्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात, तोही इथंच उजेडात येणार. पण आमच्या गच्चीवर एक गाडी रोज सकाळी थांबायची, आणि तिच्यापुढे ट्रेलर नव्हता.

मावसभावानं जर्मनीहून येताना आणलेला हा जुना संच. इंजिन वीतभराहून थोडं मोठं, उचललं तर दीडेक किलो. संच कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढे जे बिघडलं त्यात दोष धुळीचा आणि माझा. रुळाचे ३२ तुकडे जोडून गच्चीवर लंबगोल मार्ग मांडला होता. सकाळी आठच्या सुमाराला गाडी सुरू केली की पाण्याच्या टाकीपाशी ती हमखास थांबायची. चार बोटं पुढे ढकलली की निघायची. पुढच्या फेरीला पुन्हा तिथंच. आणि दुपारी बारानंतर हीच गाडी त्याच जागेवरून काही झालंच नाही अशी जायची.

शेजारच्या घरातला आठवीतला मुलगा म्हणाला, “काका, हिला सकाळी लवकर उठायचा कंटाळा आहे.”

मी इंजिन उघडलं. मिक्सरला असतात तसेच मोटरचे कार्बन असतात, ते पाहिले, झिजलेले नव्हते. दाते पाहिले, वाळलेलं ग्रीस काढून नवं भरलं. गाडी पुन्हा टाकीपाशी थांबली. असं चारदा केलं. गाडी बिघडली की इंजिन उघडायचं हा आपला स्वभाव आहे. ज्याच्यावरून ती चालते तिकडे शेवटी लक्ष जातं.

लहान गाडी, पण धूळ तेवढीच

या खेळण्यांची मापं आधी समजून घेऊ. माझ्या रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर आहे. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीनं १९६८ साली या रुळावरची मोठ्या मापाची गाडी बाजारात आणली, तेव्हा प्रमाण धरलं होतं १:२२.५. का? मीटर गेजचा एक मीटर साडेबावीसनं भागला की साधारण ४५ मिलिमीटर येतात. त्याच रुळावर आपल्या माथेरानच्या गाडीचं मॉडेल चालवायचं तर हिशेब बदलतो. तिचा गेज दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. तेव्हा मॉडेल मूळ गाडीचा सुमारे साडेतेरावा भाग, चांगलं भरभक्कम येईल. आणि दिवा-पनवेल मार्गावरच्या ब्रॉडगेजचं, १६७६ मिलिमीटरचं, मॉडेल केलं तर ते सदतिसावा भाग. रूळ तोच, गाडीच्या अंगकाठीचा हिशेब मात्र वेगळा.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या १:८७ या मापाच्या, रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. लांबीत ८७ पट लहान म्हणजे वजनातही ८७ पट कमी असं वाटतं, पण तसं नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पटींनी घटतात, म्हणून वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाख पटींनी कमी होतं. डब्ल्यूएपी-७ हे विजेवरचं इंजिन १२३ टनांचं. त्याचं तंतोतंत मॉडेल १:८७ मध्ये जेमतेम १९० ग्रॅमचं भरेल. १:३२ मध्ये तेच पावणेचार किलोंचं होईल.

हे वजन वीज घेण्यासाठी महत्त्वाचं आहे. चाक रुळावर जितकं दाबून बसेल तितका विजेचा संपर्क पक्का. आणि एक गोष्ट कुठल्याच मापाला जुमानत नाही: धुळीचा कण. गाडी ८७ पट लहान करता येते, धूळ करता येत नाही. शीळफाट्याच्या हवेतला जो कण माझ्या दीड किलोच्या इंजिनाच्या चाकाखाली चिरडला जातो, तोच दोनशे ग्रॅमच्या इंजिनापुढे धोंडा होऊन बसतो. म्हणून लहान मापाच्या गाड्या बंद खोलीत सुखी असतात, आणि उघड्यावर, गच्चीवर, बागेत मांडायला मोठं मापच बरं. आणखी मोठं करत गेलात तर आपण पेशवे पार्कच्या १९५६ सालच्या फुलराणी या छोट्या गाडीपाशी पोचतो, आणि त्यापुढे माथेरानला. मॉडेल कुठं संपतं आणि खरी गाडी कुठं सुरू होते, ती रेघ ओढणं कठीणच आहे.

चाकातून आत, चाकातून बाहेर

वीज इंजिनापर्यंत कशी पोचते? ट्रान्सफॉर्मरच्या डब्यातून दोन तारा निघतात, एक डाव्या रुळाला आणि एक उजव्या. डाव्या रुळावरच्या चाकांतून वीज आत शिरते, चाकाच्या मागे घासणाऱ्या पितळी पट्टीवरून मोटरला जाते आणि उजव्या चाकांतून दुसऱ्या रुळावर उतरून परत येते. एकाच आसावरची दोन चाकं जर धातूनं थेट जोडलेली असती तर वीज मोटरला वळसा घालून सरळ पलीकडे गेली असती, म्हणजे शॉर्ट सर्किट. म्हणून मॉडेलच्या आसात प्लॅस्टिकचा अडसर असतो.

खऱ्या गाडीत नेमकं उलट असतं, आणि ते मला फार आवडतं. तिथं आस सलग पोलादी असतो आणि तो दोन रूळ जोडतो हेच कामाचं ठरतं. रुळांच्या एका टप्प्यात थोडीशी वीज सोडून ठेवतात. गाडी त्या टप्प्यात शिरली की चाकं दोन्ही रूळ जोडतात, दुसऱ्या टोकाला वीज पोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. आता अनेक ठिकाणी आस मोजणारी यंत्रं आली आहेत, पण कल्पना समजायला हीच सोपी. आमच्या गच्चीवर जे शॉर्ट सर्किट ठरतं तेच खऱ्या रेल्वेत रखवालदाराचं काम करतं.

आता जोड. दोन तुकडे एकमेकांना धरतात ते एका छोट्या पितळी पन्हळीनं. रुळाचा तळ त्या पन्हळीत सरकतो आणि तिच्या पकडीतूनच वीज पुढे जाते. माझ्याकडे ३२ तुकडे, रूळ दोन, म्हणजे असे ६४ जोड. डोंबिवली-शीळ पट्ट्यातल्या लोकांना पाइपलाइनच्या शेवटच्या इमारतीचं दुःख सांगायला नको. मुख्य पाइपावर दाब असतो. प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा जातो. टोकाला नुसती धार. विजेचंही तसंच. समजा एका जोडाचा अडथळा ०.१ ओहम आहे आणि मोटर १ अँपिअर वीज ओढते आहे. एका जोडापाशी ०.१ व्होल्ट गेला. क्षुल्लक. पण असे सोळा जोड ओलांडून जायचे आणि सोळा ओलांडून परत यायचं तर तीन व्होल्ट गेले, आणि माझी गाडी चालते अठरावर.

मार्ग गोल असल्यानं मात्र दिलासा मिळतो. वीज दोन्ही बाजूंनी येते आणि ओझं वाटून घेते. यात एक लबाडी लपलेली आहे. गोल मार्गावर एक जोड पूर्ण मेला तरी गाडी अडत नाही. दुसऱ्या बाजूनं वीज मिळत राहते. बेटाला दोन पूल असले आणि एक वाहून गेला तर गावकऱ्यांना लांबून जावं लागतं, पण बाजारहाट चालू राहतो. बिघाड झालेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो.

मुंबईच्या लोकलला हाच प्रश्न मोठ्या आकड्यात सोडवावा लागला. १९२५ साली व्हीटी-कुर्ला हार्बर मार्गावर विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या डीसीवर. व्होल्ट कमी की तेवढ्याच ताकदीसाठी अँपिअर जास्त, आणि तारेत वाया जाणारी वीज अँपिअरच्या वर्गानं वाढते. म्हणून वीज पुरवणारी केंद्रं थोड्या थोड्या अंतरावर ठेवावी लागायची. २०१६ पर्यंत उपनगरी मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर आणले गेले. व्होल्ट सुमारे सतरा पट, अँपिअर तितकेच कमी, आणि तारेतली नासाडी अडीचशे पटींहून अधिक घटली. मला अठरा व्होल्टांत भागवायचं होतं, तेव्हा एकच इलाज उरतो: जोड चांगले ठेवणं.

चिंचेचा प्रयोग

माझे रूळ पितळी आहेत. देव्हाऱ्यातली समई ज्या धातूची, त्याच धातूचे. मग साफ कसे करायचे यात विचार कसला? चिंच. आईनं आयुष्यभर पितळेची भांडी चिंचेनं घासली. मी टाकीकडच्या बाजूचे पाच-सहा तुकडे चिंचेच्या कोळानं चोळले आणि ते सोन्यासारखे लखलखले. पाण्यानं धुतले, पुसले, खूश झालो.

पितळ काळवंडतं म्हणजे त्यातल्या तांब्याशी हवेतल्या ऑक्सिजनचा आणि इतर वायूंचा संयोग होऊन वर पातळ थर येतो. तो थर वीज नीट वाहू देत नाही. चिंचेतलं आम्ल तो विरघळवतं, इथपर्यंत आई बरोबर. पण तीच आई पितळेच्या भांड्यात ताक ठेवू देत नसे. का? ताक कळकतं. आंबट आणि पितळ फार वेळ एकत्र राहिले की तांबं विरघळायला लागतं. भांडं आपण खळखळून धुतो, त्याला कोपरे नसतात. रुळाच्या जोडातल्या पन्हळीत मात्र कोळ शिरला तो शिरलाच. पंधरा दिवसांनी एका जोडाच्या फटीत बारीक हिरवी कड दिसली. मी पाहिली आणि सोडून दिली. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथं होतं.

पूर्वी अशा भांड्यांना आतून कल्हई करत. रुळांतही निकेलचा मुलामा दिलेले रूळ मिळतात, ती त्यांची कल्हईच म्हणायची. साध्या पितळेला चिंच नको, पॉलिश नको, जाडा पॉलिशपेपर तर मुळीच नको. त्याचे ओरखडे पडतात आणि मळ त्यांत घर करतो. भांडी घासायची हिरवी घासणी, कोरडी, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून रुळाच्या माथ्यावरून फिरवायची आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. एवढं पुरतं. सगळ्यात चांगली सफाई म्हणजे गाडी रोज चालवणं. स्टेशनात उभं राहून पाहा: चालत्या मार्गाचे रूळ वरून आरशासारखे, आणि कडेच्या वापरात नसलेल्या मार्गाचे तांबूस. ते तांबूस रूळ नुसते कुरूप नसतात. त्या गंजावरून चाकांना दोन रूळ नीट जोडता येत नाहीत, आणि सिग्नलला गाडी दिसेनाशी होऊ शकते.

हा काळा मळ येतो कुठून?

बोळा फिरवला की काळाकुट्ट होतो. सगळी शीळफाट्याची धूळ नव्हे ती. बरीचशी गाडीनं स्वतः केलेली असते, आणि त्याचं कारण वळणात आहे.

चहाचे दोन कागदी कप घ्या. तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीनं जोडा, आणि दोन समांतर काठ्यांवरून उतारानं सोडा. ते न पडता खाली येतात. डावीकडे सरकले की आपोआप उजवीकडे वळतात, उजवीकडे सरकले की डावीकडे. आता दोन कप बुडाला बूड लावून जोडा आणि तसेच सोडा. लगेच पडतील. पहिल्या जोडीत मधला भाग जाड आणि टोकं निमुळती आहेत. जोडी उजवीकडे सरकली तर उजवी काठी जाड भागाला लागते, डावी बारीक भागाला. एका गिरकीत जाड बाजू जास्त अंतर कापते आणि जोडी डावीकडे वळते. रेल्वेचं चाक असंच किंचित निमुळतं असतं, आपल्याकडे वीसला एक या प्रमाणात. गाडीला रुळावर ठेवतं ते मुख्यतः हे. चाकाची आतली कड, जिला फ्लँज म्हणतात, ती शेवटचा उपाय. घाटातल्या कठड्यासारखी, तिला घासत कोणी गाडी चालवत नाही.

वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. किती? इथं एक मजेदार उत्तर आहे: पूर्ण वर्तुळ कितीही मोठं काढा, बाहेरचा रूळ गेजच्या सव्वासहा पटींच्या जरासा वरच लांब भरतो. माझ्या ४५ मिलिमीटरच्या रुळाला २८ सेंटिमीटर. ब्रॉडगेजला साडेदहा मीटर, मग वर्तुळ गच्चीएवढं असो की ठाणे जिल्ह्याएवढं. मोठ्या वळणात हा फरक इतक्या लांबीवर वाटला जातो की चाकाचा निमुळतेपणा तो गिळून टाकतो. माझ्या वळणाची त्रिज्या फक्त ६० सेंटिमीटर. तिथं भागायचं तर चाकाला एक सेंटिमीटरहून जास्त आडवं सरकावं लागेल, आणि त्याला जागा आहे दोनेक मिलिमीटर. मग होतं काय, की एक चाक घसरत जातं. ३० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ ९४ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक फेरीला साधारण तीन गिरक्यांएवढी घसरण. ती घासणी आणि तिचा चुरा, त्यात इंजिनातून ठिबकलेलं तेल: झाला काळा मळ.

माथेरानच्या गाडीपुढे हाच पेच होता. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधून घेतलेली ही २१ किलोमीटरची रेल्वे, चढ वीसला एक, आणि वळणं इतकी तीव्र की गाडीला आपली शेपटी दिसते. ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीनं तिच्यासाठी वाफेची जी इंजिनं बनवली त्यांना क्लिएन-लिंडनर पद्धतीचे आस होते. चाकं एका पोकळ आसावर बसवलेली, त्या पोकळीच्या आत खरा भरीव आस, आणि दोघांमध्ये मधोमध गोलाकार सांधा. बांगडी सैल असली की मनगट न हलवता ती तिरकी होते ना, तसा तो पोकळ आस वळणावर तिरका व्हायचा, आणि आतला आस त्याला फिरवत राहायचा. तीन जोड्या चाकांचं इंजिन त्यामुळे घाटात वळायचं. असली अक्कल वापरूनही चाक आणि रूळ यांचं भांडण पूर्ण मिटत नाही. चाकांचा किंचाळण्याचा आवाज घाटात ऐकू येतो तो त्याच घसरणीचा.

इथं खडीबद्दल एक अनुभव सांगून टाकतो. गाडी खरी वाटावी म्हणून मी क्रशरची बारीक कच आणून रुळांखाली पसरली. खऱ्या मार्गावर खडी वजन पसरवते, पाण्याचा निचरा करते आणि स्लीपर जागचे हलू देत नाही. गच्चीवर ती फक्त शोभा. आपल्या डोंगरांचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या खनिजाचे कण असतात. मोटरमध्ये चुंबक. दुसऱ्यांदा इंजिन उघडलं तेव्हा चुंबकाभोवती काळी दाढी उगवलेली होती. ती पुसून काढली, सगळी कच गोळा केली, धुतली, स्पीकरचं जुनं चुंबक कागदात गुंडाळून तिच्यातून फिरवलं, तेव्हा कुठं ती वापरण्याजोगी झाली. गाडी थांबण्याशी याचा संबंध नव्हता, पण मोटर मात्र वाचली.

*चौकट*
इंजिन उघडण्याआधी

गाडी एकाच जागी अडते का पाहा. एकाच जागी असेल तर दोष रुळात; कुठंही अडत असेल तर चाकांत, पट्ट्यांत किंवा मोटरमध्ये.
कोणत्या वेळी अडते ते लिहून ठेवा. ऊन, दव, पाऊस, सगळं.
रुळाच्या माथ्यावर पांढरं फडकं फिरवा. काळं झालं तर आधी सफाई.
दोन रुळांमधलं अंतर जागोजागी मोजा. उन्हानं प्लॅस्टिकचे स्लीपर ठिसूळ होतात, पकड सुटते आणि रूळ फाकतात.
जोडांवर व्होल्ट मोजा, पण पुढे सांगितलंय तसं भार लावून.

नळ बंद असताना दाब दिसतोच

मल्टिमीटर घेऊन मी सकाळी टाकीपाशी व्होल्ट मोजले. अठराला जेमतेम कमी. म्हणजे वीज आहे. मग गाडी का थांबते?

इथं बरेच जण फसतात, मी आठवडाभर फसलो होतो. नळ बंद ठेवून पाइपातला दाब मोजला तर पाइप गाळानं तुंबलेला असला तरी दाब पुरता दिसतो, कारण पाणी वाहतच नाहीये. नळ सोडल्यावर कळतं. मल्टिमीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. काळवंडलेल्या, अर्धवट टेकलेल्या जोडातूनही त्याच्यापुरती वीज झिरपते आणि तो खुशाल अठरा दाखवतो. मोटर एक अँपिअर मागते तेव्हा तो जोड हात वर करतो.

म्हणून भार लावायचा. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घेतला. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, माझ्या इंजिनापेक्षा जास्तच. ट्रान्सफॉर्मर बारा व्होल्टवर आणला, बल्बला दोन तारा लावल्या आणि त्या शेजारच्या मुलाच्या हातात दिल्या. तुकड्यांवर खडूनं आकडे घातले होते. जिथं वीज सोडली तो एक, तिथून पुढे बत्तीसपर्यंत. तो उकिडवा बसून प्रत्येक तुकड्यावर तारा टेकवत पुढे सरकला. एक, दोन, तीन, लख्ख. आठनंतर किंचित पिवळट. चौदा, पंधरा, सोळा, मंद पण पेटतोय.

सतराव्यावर बल्ब लागला नाही.

“अठरा बघ.”

अठरावर लागला.

सतरावा तुकडा दोन्ही बाजूंनी तुटलेला होता. सोळा आणि सतराच्या मधला जोड तो चिंचेचा, हिरव्या कडेचा. तो कधीच मेला होता आणि गोल मार्गामुळे लपला होता. बेटाचा एक पूल आधीच वाहून गेलेला. दुसरा पूल, सतरा-अठराचा जोड, दिसायला धडधाकट होता. मग तो सकाळीच का तुटायचा?

साडेपाच मिलिमीटर

धातू तापला की लांबतो हे शाळेत शिकतो आणि विसरतो. पितळेचा एक मीटर एका अंशाला मिलिमीटरच्या जवळजवळ पन्नासाव्या भागाएवढा वाढतो. माझा मार्ग पावणेदहा मीटरचा. हिवाळ्यात सकाळच्या गच्चीत आणि दुपारच्या तापलेल्या रुळात तीस अंशांचा फरक सहज पडतो. हिशेब केला तर सगळा मार्ग मिळून साडेपाच मिलिमीटर. ३२ जोडांत वाटला तर प्रत्येकी पाव मिलिमीटरही नाही, पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास. घट्ट पन्हळीला त्यानं काही फरक पडत नाही. पण सतरा-अठराची पन्हळ सैल झाली होती. मीच तुकडे इतक्यांदा काढले-लावले होते. थंड सकाळी रूळ आखडले की तिचं एक टोक नुसतं टेकून राहायचं. ऊन चढलं की रूळ लांबून पन्हळीत घुसायचे आणि पूल पुन्हा जोडला जायचा. बारा वाजता गाडी सुटायची ती उन्हामुळे.

पूर्वी खऱ्या रुळांतही मुद्दाम फटी ठेवत, म्हणून ती खटखट. १३ मीटरच्या रुळांवर ४७ सेकंदांत जितके खटके मोजाल तितका ताशी किलोमीटर वेग, असा एक सोपा हिशेब त्यातून निघायचा. आता बऱ्याच मार्गांवर रूळ वितळवून सलग जोडतात. एक किलोमीटरचा पोलादी रूळ मोकळा ठेवला आणि तीस अंशांनी तापवला तर तो सुमारे ३५ सेंटिमीटर लांबेल. तो लांबत नाही, कारण सिमेंटचे स्लीपर, पकडणाऱ्या क्लिपा आणि खडी त्याला हलू देत नाहीत. वाढ आतल्या आत ताण होऊन राहते. मे महिन्याच्या दुपारी रेल्वेचे ट्रॅकमन रूळ पाहत चालत असतात ते हा ताण कुठं बाजूला फुटून रूळ वाकडा करत नाही ना, यासाठी. माझ्याकडे तेवढी वजनदार खडी नाही. सुरुवातीला मी रूळ लादीला स्क्रूनं पक्के करायच्या बेतात होतो. केले असते तर मेमध्ये ते साप झाले असते. त्यांना मोकळं ठेवणंच शहाणपणाचं.

मग जोडाला वीज कशी पक्की द्यायची? रेल्वेत विजेच्या गाड्यांची वीज रुळांतूनच परत जाते, आणि फटीच्या जोडांपाशी रुळाला तारांचे फास जोडलेले दिसतात. तेच केलं. दोन्ही जोडांच्या खालच्या बाजूनं रूळ घासून उघडा केला. जाड पितळ उष्णता पिऊन टाकतं, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न त्यापुढे हतबल. १०० वॅटचं आणलं. प्लॅस्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना ओलं फडकं ठेवलं. आयर्न अर्धा मिनिट टेकवल्यावर डाक एकदम पाण्यासारखा पसरला, तेव्हा तार बुडवली आणि फुंकर न घालता हात स्थिर धरून ठेवला. हललं की डाक थंड होताना भेगाळतो आणि पुन्हा तेच दुखणं. तार ताठ लावली नाही. मध्ये इंचभर ढील सोडली, रूळ आखडला तरी ओढली जाऊ नये म्हणून. सोळा-सतराची हिरवी पन्हळ काढून फेकली, नवी बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गच्चीत दव होतं. गाडी सोडली. मुलगा नेहमीसारखा टाकीपाशी जाऊन बसला आणि ती थांबणार म्हणून सवयीनं बोट पुढे करून तयार राहिला. इंजिन आलं ते न थांबता, थेट त्याच्या बोटावर आदळलं आणि रुळावरून उतरलं.